किशोर कादंबरी: शोधयात्रेचा शेवट सपाट होतोय, काय बदलू?

कोरीपाटी: अद्भुत कादंबरी लिहिते आहे, साधारण ४०,००० शब्दांची. काळ सातवाहनांचा वाटावा असा. रेवा, वय १५. तिच्या कुळात सगळ्यांना मंत्राने अग्नी पेटवता येतो, तिला नाही. स्वतःला सिद्ध करायला ती कल्याणहून नाणेघाट चढून जुन्नरला जाते आणि कुळाच्या विझलेल्या धुनीसाठी विस्तव आणते. तिन्ही परीक्षा जिंकते, कुळ तिला आपलं म्हणतं. पण शेवट भिडत नाही आणि प्रवास रेंगाळतो.

वडाचा_पार: हा शेवट म्हणजे सौदा झाला: विस्तव दे, आपलेपणा घे. रिकाम्या हाताने आली असती तर? तेच लिहा. तिसरी परीक्षा तिला हरू द्या, पण दुबळी म्हणून नव्हे, स्वतःच्या निर्णयाने. परतताना घाट उतरताना सोबत्याचा पाय मोडतो. विस्तवाचं मडकं किंवा माणूस, एकच उचलता येईल. हा प्रसंग ३०,००० शब्दांपर्यंत उरका, म्हणजे घरी परतण्याला पुरेशी जागा राहील. तिथे घाई झाली की कुणीतरी भाषण ठोकतं आणि सगळं संपतं. स्वीकार एकट्या आजीपासून सुरू करा, आणि एखादा काका शेवटपर्यंत वळू देऊ नका. सगळं गाव एकदम बदललेलं पंधरा वर्षांच्या वाचकालाही पटत नाही.

घाटवाट: प्रवास रेंगाळतो कारण वाटेत काही संपत नाही. कल्याण ते घाटपायथ्याचं वैशाखरे साठेक किलोमीटर, वर चढून जुन्नर आणखी तीसेक. ओझं घेऊन दिवसाला २० किलोमीटर धरले तर एका बाजूचे पाच दिवस. माणशी रोज अर्धा किलो धान्य, म्हणजे जाऊन-येऊन पाच किलो. ते कुठे भिजलं, कुणाला दिलं, याचा हिशेब ठेवा. प्रसंग त्यातूनच सुचतील. चढाला दोन-तीन तास लागतात, दोन लिटरचा तुंबा अपुरा पडेल. पाण्याची टाकी वर लेण्यापाशी आहेत. ऋतू कार्तिक घ्या: ओढे वाहते असतात, पायऱ्यांवरचं शेवाळ सुकलेलं असतं. आषाढात नद्याच अडवतील. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा मानतात. तिच्याकडे नाणं नाही, मग ती काय देते? दुसऱ्या परीक्षेला राक्षसापेक्षा हे बरं.

कोरीपाटी: जकातीचं घेतेच. पण शेवटी तिला मंत्र साधावा का?

वडाचा_पार: अजिबात नको. उणीव भरून निघाली तरच माणूस कुळाला चालतो, असा त्याचा अर्थ होईल. उलट मंत्राला मर्यादा घाला: त्या अग्नीचा निखारा होत नाही, पहाटेपर्यंत तो विझतो. रेवाला विस्तव राखता येतो. पेटती गोवरी राखेत पुरायची; राख दाबून बसवली तर गुदमरते, उघडी राहिली तर मध्यरात्रीच जळून जाते. कुळातल्या कुणाला हे शिकायची गरजच पडलेली नाही. पहिल्या पाच हजार शब्दांत तिला हे काम करताना दाखवा, आणि तेव्हा कुणी त्याची दखल घेऊ नये.