फांद्यांच्या जाळ्यातून नेमके काय कळते?

बडोदेकर:
गुजरातेतील मही नदीच्या काठची कोतरे, म्हणजे पाण्याने कापलेल्या घळी, उपग्रहाच्या छायाचित्रात पाहिली, तर ती पर्णहीन झाडासारखी दिसतात. पिंपळाच्या जाळीदार पानातील शिरा आणि फुप्फुसातील श्वासनलिका यांचीही ठेवण मला तशीच वाटते. भागात पूर्णाचीच आकृती पुन्हा दिसणाऱ्या अशा रचनांना गणितज्ञ बेन्वा मांडेलब्रॉ यांनी १९७५ मध्ये 'फ्रॅक्टल' हे नाव दिले. पाणी, वनस्पती आणि प्राणी यांत आकृती एकच असेल, तर ती पाहून आपल्याला नेमके काय कळते?

दांडियाबाजार:
नुसत्या स्वसदृशतेतून फारसे कळत नाही, असे माझे मत आहे. श्वासनलिका सुमारे २३ वेळा दुभंगत जाते आणि शेवटी कोट्यवधी वायुकोश तयार होतात. त्या प्रत्येकाचा नकाशा जनुकांत असणे शक्य नाही, वाढीचे थोडे नियम पुन्हापुन्हा लागू होतात. नियम कळला की पुढची फांदी बहुतांशी आधीच कळते, म्हणून नवे काही शोधायचे ते नियम जिथे मोडतो तिथे. एका बाजूला झुकलेला झाडाचा डेरा पाहून ऊन कुठून मिळाले किंवा वारा कुठून वाहत होता, याचा अंदाज बांधता येतो.

रावपुरेकर:
नद्यांबाबतही हेच म्हणता येईल. जलशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५ मध्ये मांडले, की उगमाकडच्या ओढ्यांची पहिली, ते मिळून झालेल्या प्रवाहाची दुसरी, अशा श्रेणी लावल्या, तर एका श्रेणीच्या प्रवाहांची संख्या वरच्या श्रेणीच्या साधारण तीन ते पाच पट असते. पण १९६६ मध्ये भूशास्त्रज्ञ रोनाल्ड श्रीव्ह यांनी दाखवून दिले, की यदृच्छेने जोडलेल्या जाळ्यांतही बहुधा असेच गुणोत्तर येते. त्यामुळे त्या आकड्यावरून जमिनीबद्दल फार काही ठरवता येत नाही. भूशास्त्रज्ञ पाहतात ते प्रवाहांची दिशा आणि कोन. महीकाठच्या मऊ, एकसारख्या गाळात कोतरे झाडासारखी पसरतात, भेगाळलेल्या खडकात ओढे काटकोनात वळतात आणि एकट्या डोंगरावरून ते चहूकडे फाकतात. खाली काय दडले आहे, ते खणण्याआधीच अशा रीतीने वाचता येते, हे मला या विषयातले सर्वांत मोलाचे वाटते.

दांडियाबाजार:
पिंपळाच्या पानाबद्दल एक दुरुस्ती सुचवतो. त्यातील बारीक शिरा फांद्यांसारख्या सुट्या संपत नाहीत, बहुतेक एकमेकींना मिळून बंद कप्पे करतात. किडीने एखादी शीर तोडली, तरी पाणी दुसऱ्या वाटेने पुढे जाते. झाडाच्या फांदीला ही सोय नाही. ती तुटली की तिच्यापुढचे सारे वाळते.