थायरॉइडची गोळी चालू, तरी टीएसएच चढाच. डोस वाढवावा का?

काजवा:
थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम रोज. चार आठवड्यांत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन, थायरॉइड कमी पडला की चढतो) ९.२ वरून ७.८, फ्री टी४ (रक्तातला मोकळा थायरॉइड हार्मोन) रेंजच्या तळाशी. अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीची चाचणी) पॉझिटिव्ह. सोबत लोह, कॅल्शियम आणि केसांसाठी बायोटिन. डोस वाढवायला सांगावा का? अँटी-टीपीओ पुन्हा करावी का?

रानवारा:
चार आठवड्यांचा रिपोर्ट घाईचा आहे. या औषधाचं अर्धायुष्य (शरीरात ते निम्मं उरायला लागणारा वेळ) साधारण ७ दिवसांचं. रक्तातली पातळी स्थिरावायलाच पाच-सहा आठवडे जातात, टीएसएच त्याच्याही मागून उतरतो. ६ ते ८ आठवड्यांनी तपासा.

तोवर गोळी कशी घेतली जातेय ते बघा, बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. पुढे किमान अर्धा तास, जमल्यास तासभर चहा-कॉफीसुद्धा नको. लोह आणि कॅल्शियम ४ तास लांब ठेवा. ते थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून ठेवतात, मग औषध पोटात जाऊनही रक्तात पोचत नाही. सकाळ जमतच नसेल तर रात्री जेवणानंतर ३ तासांनी घ्या, पण वेळ रोज तीच.

अँटी-टीपीओ एकदा पॉझिटिव्ह आली की पुरे. आजार हाशिमोटोचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करतेय, एवढं त्यातून कळतं. डोस त्या आकड्यावर ठरत नाही.

चकोर:
+१. बायोटिन मात्र वेगळ्या प्रकारे नडतं: औषधाला नाही, तपासणीला. बऱ्याच लॅबच्या चाचणीतच बायोटिन वापरलेलं असतं. केसांच्या गोळीतल्या ५-१० मिलिग्रॅममुळे टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसू शकतो. म्हणजे इथे खरा टीएसएच ७.८ च्याही वर असू शकेल! रक्त देण्याआधी किमान २ दिवस बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा.

काजवा:
गर्भधारणेचा विचार असेल तर?

रानवारा:
मग सहा आठवडे वाट बघत बसू नका, कृपया. डॉक्टरांना आजच सांगा. दिवस राहिल्यावर औषधाची गरज साधारण २५-३० टक्क्यांनी वाढते आणि सुरुवातीच्या महिन्यांत बाळ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं. एरवी डोस स्वतःहून वाढवू नका. जास्त झाला तर धडधड, हातांना कंप, झोप उडणं. लांबल्यास हाडं झिजतात.

चकोर:
आणि तपासणीच्या सकाळी रक्त दिल्यावरच गोळी घ्या. आधी घेतली तर फ्री टी४ काही तास उगाच वर दिसतो.