बीचवर मागे लागणारे विक्रेते: तुम्ही कसं निभावलंत?

टॉवेल अंथरून जरा पाठ टेकली की पाचव्या मिनिटाला तोंडावर सावली पडते. डोळे उघडावेत तर माळा, चष्मे, शंख, लाकडी कासवं. मी हुशारी करून "नंतर बघू" म्हटलं, वाटलं कटवला. संध्याकाळी तोच माणूस हजर, "तुम्ही नंतर म्हणालात ना, निळी बाजूला ठेवलीये". निळीकडे मी जेमतेम दोन सेकंद बघितलं असेल! घेतली, काय करणार. माझ्या मते आपल्या गुळमुळीत नकारामुळेच ते मागे लागून राहतात. तुमचे किस्से येऊ द्यात.

~

माझा हात पकडून "गिफ्ट, गिफ्ट" म्हणत मनगटाला दोरा बांधला आणि मग पैसे मागितले. आणि गाठ अशी की दुसऱ्या हाताने एकट्याला सुटतच नाही, बायको कात्री शोधेपर्यंत तो तिथेच उभा. आता कोणी जवळ आलं की दोन्ही हात आधी खिशात.

~

दोऱ्याचं ठीक आहे हो, आम्ही लेकीच्या हातावर काळी मेंदी काढून घेतली. पोरगी हट्टाला पेटलेली, बाई पण गोड बोलत होती, पंधरा मिनिटांत फुलपाखरू तयार. तिसऱ्या दिवशी बरोब्बर त्या फुलपाखराच्या आकारात फोड आले, पंखांची नक्षीसुद्धा ओळखू यायची. डॉक्टरांनी सांगितलं की खरी मेंदी केशरी-तपकिरीच रंगते, अशी चटकन काळीकुट्ट होते त्यात बहुतेकदा पीपीडी असतं, केसांच्या डायमधलं केमिकल, ते कातडीवर लावायचंच नसतं. आणि एकदा ॲलर्जी झाली की जन्मभर राहू शकते, म्हणजे पुढे केस रंगवायचे तरी पंचाईत. त्या फुलपाखराचा फोटो अजून डिलीट करवत नाही मला, का कुणास ठाऊक.

~

शंख, पोवळं घेणाऱ्यांनी जरा दमानं. मी मोठा गुलाबी शंख घेतला, येताना कस्टमवाल्यांनी बॅग उघडली आणि परवाना विचारला. कसला परवाना! सायटीस नावाचा, धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार आहे, 1975 पासून लागू, त्यात क्वीन काँक शंख, काळं पोवळं, जायंट क्लॅमचे शिंपले हे सगळं येतं. समुद्री कासवाच्या पाठीचे कंगवे-बांगड्या तर सरळ बंदच. विकणारा "काही होत नाही" म्हणतो, त्याचं नाहीच होत, आपलं होतं. शंख गेला, वर तासभर उभं राहिलो.

~

मोती विकायला आला तर दातावर हलकेच घासून बघा. खरा किंचित खरखरीत लागतो, काचेचा किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत. मी घासला तर विकणाराच हसायला लागला आणि गुपचूप पुढे गेला :)

~

मी पहिल्याच दिवशी एकाकडून काहीतरी घेऊन टाकते, मग सगळ्यांना तीच पिशवी दाखवायची.

~

अजिबात नको!! आम्ही हेच केलं, पाकीट उघडलेलं बघून अख्खा किनारा आमच्याकडे वळला.

~

मी थोडं वेगळं सांगते. एका बाईला मी सरळ मान हलवून नाही म्हटलं, तर तिने डोक्यावरची टोपली उतरवली आणि आमच्या छत्रीच्या सावलीत टेकली, म्हणाली पाय भाजतात. टोपली मी उचलून बघितली, एका हाताने उचलेना. मी विचारलं, आमच्यासारख्यांचा राग येतो का, तर म्हणे नाही म्हणणारे बरे, "कितीला?" विचारून अर्धा तास सगळं काढायला लावणारे आणि मग उठून पोहायला जाणारे, त्यांचा येतो. माझा नवरा तेवढ्यात पाण्यात गेला, कारण आदल्या दिवशी त्याने नेमकं तेच केलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने लांबूनच मला हात केला आणि शेजारच्या छत्रीकडे वळली.