कोटी, दरम्यानता, विचलन : जाळ्यांच्या गणितातील शब्द

प्रश्न : जाळे म्हणजे माणसे किंवा घराणी असे बिंदू आणि त्यांना जोडणारे दुवे. अशा जाळ्यांच्या विश्लेषणातील सर्व मापांना 'केंद्रीयता' हा एकच शब्द पुरेल का? तसेच जाळ्यातील नेहमीपेक्षा वेगळ्या वर्तनाला 'विसंगती' म्हणावे, 'असामान्यता' म्हणावे, की 'संशयास्पद वर्तन'?

उत्तर : केंद्रीयता, म्हणजे बिंदू जाळ्यात किती मध्यवर्ती आहे ते, हे एका मापाचे नाव नसून मापांच्या कुळाचे नाव आहे, त्यामुळे ते एकट्याने वापरल्यास वाचकाला काय मोजले हेच कळत नाही. एखाद्या बिंदूला थेट किती दुवे जोडलेले आहेत, या संख्येला 'कोटी' म्हणावे. बहुपदीची कोटी शाळेत सर्वांनीच शिकलेली असते. लिंटन फ्रीमन यांनी 1977 मध्ये मांडलेले माप निराळे आहे. इतर बिंदूंच्या प्रत्येक जोडीमधील सर्वांत लहान वाटांपैकी किती हिस्सा या बिंदूवरून जातो, हे ते सांगते. त्याला 'मध्यस्थता' म्हटले की तंटा मिटवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, म्हणून भूमितीच्या पाठ्यपुस्तकातील 'दरम्यानता' हाच शब्द मला योग्य वाटतो.

हा भेद किती खरा आहे, हे पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्सच्या घराण्यांवरून दिसते. पॅजेट आणि अन्सेल या संशोधकांनी 1993 मध्ये अभ्यासलेल्या सोयरिकींच्या जाळ्यात स्त्रोत्सी आणि ग्वादान्यी या दोन्ही घराण्यांची कोटी 4 आहे, पण दरम्यानता स्त्रोत्सींची सुमारे 0.10, तर ग्वादान्यींची सुमारे 0.25 भरते. मेदिचींची कोटी 6 आणि दरम्यानता 0.52 आहे, म्हणजे इतर घराण्यांना जोडणाऱ्या निम्म्याहून अधिक वाटा त्यांच्या दारावरून जात होत्या. स्त्रोत्सी आणि ग्वादान्यी यांच्यातील फरक 'केंद्रीयता' या एका शब्दात बुडून जातो.

दुसरे मत : दरम्यानता मलाही मान्य आहे, अधिक काळजी घ्यावी ती दुसऱ्या शब्दाची. 'विसंगती' म्हणजे मराठीत बहुधा एखाद्याच्या बोलण्यातील किंवा हिशेबातील आपसांतील न जुळणे. येथे तुलना असते ती उरलेल्या जाळ्याशी. एका बिंदूला 20 शेजारी असतील आणि त्या शेजाऱ्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसेल, तर तो बिंदू आणि त्याचे शेजारी मिळून होणाऱ्या परिसरात 20 दुवे असतात. सगळेच एकमेकांना जोडलेले असतील, तर 210. बहुतेक बिंदू या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात, आणि टोकाजवळ पोहोचलेला बिंदू गणित वेगळा काढते. नेहमीच्या बिंदूंपासूनच्या त्याच्या अंतराला 'विचलन' म्हणावे, कारण संख्याशास्त्रात 'प्रमाण विचलन' रुळलेलेच आहे, आणि वेगळ्या निघालेल्या बिंदूला 'असामान्य बिंदू' म्हणावे. 'संशयास्पद' हा शब्द मात्र माणसाने चौकशी केल्यानंतरच लिहावा : परस्परांना न ओळखणाऱ्या शेकडो लोकांना फोन करणारा भामटा आणि रुग्णांना तपासणीची वेळ कळवणारा दवाखाना यांची आकृती सारखीच निघते, आणि निर्दोष माणसावर शब्दानेच आरोप करण्याचा अधिकार कोणत्याही मापाला नाही.

पुरवणी : यात काळाचाही विचार हवा. दिवाळखोर एन्रॉन कंपनीच्या खुल्या झालेल्या ईमेलांवर 2005 मध्ये झालेल्या अभ्यासात प्रत्येक व्यक्तीच्या परिसरातील देवाणघेवाणीची तुलना तिच्याच आधीच्या आठवड्यांशी केली होती. इतरांच्या तुलनेतील विचलन आणि स्वतःच्या भूतकाळाच्या तुलनेतील विचलन ही दोन असल्याने, दुसऱ्यासाठी 'कालविचलन' असा शब्द मी सुचवतो.