नेमलेला ‘बडी’ म्हणजे मित्र, की मुलगा कच्चा लिंबूच?

खडू-डस्टर (धागाकर्ता)
स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाला वर्गात मित्र नाहीत म्हटलं की शाळा एक ‘बडी’ नेमते. बहुतेकदा पहिल्या बाकावरची, वह्या पूर्ण असलेली शहाणी मुलगी. तिने त्याच्यासोबत डबा खायचा, त्याला मैदानावर न्यायचं. ही मॉनिटरगिरीच झाली. तिची स्वतःची सुट्टी जाते, म्हणून ती लवकरच कंटाळते. बाकीचे ‘त्याचं ती बघते’ म्हणून मोकळे. खेळात तो कच्चा लिंबू. आउट झाला तरी आउट नाही, म्हणजे मोजणीतच नाही.
बडी बंद करा. तीन मुलं घ्या आणि एकमेकांवाचून अडेल असं काम द्या. लेगोचं उदाहरण घ्या: एक जण चित्र पाहून सांगणारा, दुसरा तुकडे शोधून देणारा, तिसरा जोडणारा. चित्र फक्त पहिल्याच्या हातात. साधारण दहा मिनिटांनी भूमिका बदला. बोलायला विषय शोधावा लागत नाही, ‘लाल, चार टिंबांचा दे’ म्हणावंच लागतं.

तिसरा बाक
असहमत. लेगोचा तास संपला की तोच मुलगा सुट्टीत पुन्हा भिंतीला टेकून उभा. २०१२ मध्ये अमेरिकेत कॉनी कसारी यांच्या गटाने सर्वसाधारण शाळांतल्या ६० स्वमग्न मुलांवर प्रयोग केला, सहा आठवडे. काही ठिकाणी त्या मुलालाच कौशल्यं शिकवली, काही ठिकाणी वर्गमित्रांना शिकवलं. वर्गातल्या गटांत सामावण्याच्या बाबतीत वर्गमित्रांना शिकवण्याचा फायदा जास्त दिसला. म्हणजे सोबती वाईट नाही, न शिकवलेला सोबती वाईट. एकाऐवजी पाच-सहा जणांचा फिरता गट करा आणि त्यांना नेमकं सांगा: समोर येऊन नाव घ्या, एकच प्रश्न विचारा, मनात दहा आकडे मोजा. उत्तर नाही आलं तर वेगळ्या शब्दांत विचारू नका, तेच वाक्य पुन्हा म्हणा. शब्द बदलले की त्याला सगळं पहिल्यापासून उलगडावं लागतं.

निळी शाई
दोघांचाही रोख ‘त्याला आपल्यात आणू’ असाच. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने २०१२ मध्येच मांडलंय की न समजणं दुतर्फी असतं, इतरांनाही तो समजत नाही. आधी खेळ बघा. खो-खोत खो मागून मिळतो: पाठीवर अचानक थाप आणि कानाशी आरोळी. स्पर्शाला हळव्या मुलासाठी हा धक्काच, मग तो ढकलून देतो आणि नाव ‘मारकुटा’ पडतं. आणि नियम पक्के पाठ असल्यामुळे ‘दिशा बदललीस, फाउल!’ म्हणून तो अडून बसतो, की ‘चिडका’ही तोच.

खडू-डस्टर
म्हणून तर त्याला पंच करावं.

निळी शाई
रोज पंच म्हणजे रोज खेळाबाहेर! शिट्टी दिलेला कच्चा लिंबू. पंचाची पाळी सगळ्यांना लावा.

जिन्याखालची सायकल
एक मुद्दा राहतोय: शॅडो टीचर, म्हणजे त्या मुलाच्या मदतीला वर्गात सोबत असणाऱ्या ताई. मोठं माणूस बाकाला चिकटून बसलं की मुलं त्या माणसाशीच बोलतात, ‘ताई, याला खेळायचंय का?’ ताईंनी उत्तर देऊ नये, ‘त्यालाच विचार’ म्हणावं. मूल सुरक्षित असेल तर सुट्टीत चार-पाच पावलं मागे, मग खांबापाशी. आणि ‘मित्र’ कोण हेही पाहा. ‘बाईंची पर्स आणलीस तर तू आमच्या टीममध्ये’ असं सांगणारे असतात, आणि शब्दशः अर्थ घेणारा मुलगा ती खरंच आणतो. शिक्षा त्यालाच.

तिसरा बाक
हे पटलं. फिरत्या गटाचा हाही फायदा, एकाचीच मक्तेदारी राहत नाही. पण तो स्वमग्न आहे हे निदान वर्गाला सांगायचं का? माझ्या मते आईवडील आणि मूल, दोघांनाही विचारल्याशिवाय नाही. ‘त्याला अचानक हात लावलेला आवडत नाही’ एवढं पुरतं, त्यासाठी निदानाचं नाव लागत नाही.

खडू-डस्टर
फिरता गट मान्य, बडी अजूनही नाही. आणि पाळीचा तक्ता फळ्याशेजारी लावू नका. ‘सोमवार: फळा पुसणे. मंगळवार: याच्याशी खेळणे.’ हे तोही वाचतो.

तिसरा बाक
तक्ता वर्गशिक्षिकेच्या वहीत. मुलांना सकाळी हळूच आठवण केली की झालं.