मदत हवी आहे: पोर्ट ५३ (डीएनएसचं, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता विचारायचं) वळवलं, पण उत्तर भलत्याच पत्त्यावरून येतंय

जुळे सोलापुरात घर आहे. ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीवर चालणारा राउटर, शेजारी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पाय-होल हा जाहिराती अडवणारा डीएनएस सर्व्हर (या उन्हाळ्यात तो बिचारा तापतो, ते वेगळंच). टीव्ही पाय-होलला जुमानत नाही, थेट गूगलच्या डीएनएसला, ८.८.८.८ ला विचारतो. म्हणून फायरवॉलमध्ये पोर्ट ५३ चं टीसीपी-यूडीपी सगळं पायकडे वळवलं. पायचा स्वतःचा पत्ता वगळलाय, नाहीतर त्याचेच प्रश्न फिरून त्याच्याकडे यायचे.

आता लॅपटॉपवरून ‘डिग’ (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) केलं की विचारलं ८.८.८.८ ला आणि उत्तर १९२.१६८.१.५ कडून, म्हणजे पायकडून, म्हणून नाकारलं जातं. लॅपटॉप आणि पाय एकाच लॅनमध्ये (घरच्या नेटवर्कमध्ये), त्यामुळे उत्तर राउटरला टाळून परस्पर जातंय, हे उघड आहे. मास्करेड (विचारणाऱ्याच्या पत्त्याजागी राउटरचा पत्ता टाकणं) लावलं तर चालेल, पण मग लॉगमध्ये सगळे प्रश्न राउटरच्याच नावावर पडणार. पाय वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच राउटरवरच्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये) टाकावा का? कुणी केलंय?