मदत हवी आहे: दोन थरांचा सर्किट बोर्ड, तांब्याचे ट्रॅक हाताने ओढू की ऑटोराउटरवर (ट्रॅक आपोआप टाकणाऱ्या प्रोग्रामवर) सोडू?

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ आमचं कुळागर आहे. तळीवरचा पंप घरून चालू-बंद करता यावा म्हणून बोर्ड करतोय. त्यावर ईएसपी-३२ (वायफायवाली कंट्रोलर चिप) आहे, दोन रिले (विजेवर चालणारे स्विच) आहेत आणि टाकीतल्या पाण्याचा सेन्सर ४० मीटर केबलने आरएस-४८५ वर (तारांच्या जोडीने लांबवर सिग्नल नेण्याची पद्धत) जोडलाय. रिले पंपाचा काँटॅक्टर (पंपाचा मोठा स्विच) ओढतो.

पहिला बोर्ड किकॅडमध्ये (बोर्ड आखायचा प्रोग्राम) केला आणि ट्रॅक फ्रीराउटिंग या ऑटोराउटरकडून टाकून घेतले. सगळे जोडले गेले, डीआरसीत (प्रोग्रामच्या नियम-तपासणीत) एकही चूक नाही. पण पंप बंद करताना दर दोन-तीन वेळांमागे एकदा ईएसपी-३२ रीसेट होतो.

काल रात्री कोरा बोर्ड ट्यूबलाइटसमोर धरला. खालच्या थरात रिलेचा एक ट्रॅक या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलाय आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटीतून उजेड येतोय. ग्राउंडचे (प्रवाह ज्यातून परततो त्या तांब्याचे) दोन तुकडे, कोपऱ्यात जेमतेम एक मिलिमीटरच्या पट्टीने जोडलेले. परतीच्या प्रवाहाला तेवढीच वाट.

आता सगळं हाताने करू? की वर आडवे, खाली उभे ट्रॅक अशी शिस्त पाळू? की सरळ चार थर घेऊ? चवथीपूर्वी ऑर्डर द्यायची आहे, पुन्हा चूक परवडणार नाही.

प्रतिसाद:
दादा, ऑटोराउटर जोडणी बघतो, प्रवाह कुठून परततो ते बघत नाही. आडवं-उभं तेव्हा जमतं जेव्हा ग्राउंडला वेगळा थर असतो. तुमच्याकडे तो नाही, म्हणून खालचा थर अखंड ग्राउंड ठेवा. आधी घटक नीट मांडा, अर्धं राउटिंग तिथंच सुटतं. २३० व्होल्टची बाजू एका कडेला, मधे ६ मिमी अंतर आणि रिलेखाली खाच. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात यात काटकसर नको, वर कोटिंगही द्या. मग ५ व्होल्ट: ३५ मायक्रॉन तांब्यावर १ अँपिअरला ०.३ मिमी चालतो, पण जागा असेल तर १ मिमी द्या. १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर चिपच्या पॉवर पिनला चिकटून. उरलेले संथ सिग्नल शेवटी. चार थरांची गरज दिसत नाही.

आणि नवा बोर्ड मागवण्याआधी काँटॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर (बंद करतानाची ठिणगी शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावून बघा. १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, कपॅसिटर एक्स-२ च (मेन्सच्या विजेसाठीचा सुरक्षित प्रकार) घ्या. मेन स्विच बंद करूनच हात घाला.

धागाकर्ता:
स्नबर लावला. २० वेळा पंप बंद केला, रीसेट दोनदाच! म्हणजे ठिणगी होतीच, पण ग्राउंडही दोषी आहे. हाताने ओढायला घेतलंय. एका जागी ५ व्होल्टचा ट्रॅक आणि आरएस-४८५ ची जोडी एकमेकांना छेदतात. खाली कोणाला उतरवू?

प्रतिसाद:
५ व्होल्टला. दोन्ही टोकांना दोन-दोन व्हाया (वरचा-खालचा थर जोडणारी भोकं) द्या आणि उडी १० मिमीच्या आत ठेवा. जोडी वरच राहू दे, शेजारी-शेजारी.